कविता कोणाच्या घरची?

(गांवच्या वाचनालयाच्या वार्षिक दिवशीं चावडीपुढें जमलेल्या मंडळींसमोर एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



वाचनालयाच्या चालकांनीं मला हुकूम केला कीं, "मास्तर, मराठींतले नांवाजलेले कवि आणि कवितेचे प्रकार यांची लोकांना ओळख करून द्या." मी हो म्हटलें. परवां संध्याकाळीं सुतारमेटावर बसलों असतां ही गोष्ट सहज निघाली. आमचे सुतारबुवा हातांतलें काम न थांबवितां म्हणाले, "मास्तर, कविता ऐकून आम्हीं काय करायचें? तें पुस्तकवाल्यांचें काम. आमच्या घराण्यांत कोणी कवि झाला नाहीं आणि व्हायचा नाहीं." एवढें बोलून त्यांनीं रंधा उचलला आणि रंध्याच्या हिसक्याबरोबर तोंडांतल्या तोंडांत अभंग सुरू केला. मीं विचारलें, "बुवा, मग हें काय चाललें आहे?" ते म्हणाले, "हा अभंग. ही कविता नव्हे."

मंडळी, हंसूं नका. सुतारबुवा समोरच बसले आहेत आणि त्यांची परवानगी घेऊनच मी हें सांगतों. शिवाय हा रोग त्यांना एकट्यांना नाहीं. मला तो त्यांच्याहून जास्त झाला होता, आणि तोहि शिकून झाला होता.

मी मास्तरकीच्या ट्रेनिंग कॉलेजांत गेलों तेव्हां तेथें कविता म्हणजे वृत्तें. शार्दूलविक्रीडित, मंदाक्रांता, आर्या. लघु-गुरूच्या खुणा कराव्या, गण पाडावे, गणांवरून वृत्ताचें नांव लिहावें आणि मार्क घ्यावे. एके दिवशीं एका गुरुजींनीं मला उभें केलें आणि पाठ असलेली कविता म्हणावयास सांगितली. माझी आई पहांटे जात्यावर म्हणत असे ती एक ओवी मला येत होती. ती मीं म्हटली. वर्गांत हंशा पिकला. गुरुजी म्हणाले, "हें बायकांचें दळण झालें. आतां कविता म्हण." मी खालीं बसलों. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनाहि कोणी तरी तसेंच शिकविलें असणार. पण त्या दिवशीं माझ्या मनांत जी गांठ बसली ती सुटायला फार वर्षें लागलीं, आणि तेवढ्या वर्षांत माझ्या घरचें काय बुडालें तें मी पुढें सांगणार आहें.

वृत्तांना मी नांवें ठेवीत नाहीं, हें आधींच सांगतों. बारामतीच्या मोरोपंतांची आर्या वाचा. एकेक शब्द ठोकून, घासून, बरोबर खांचेंत बसविलेला आहे. कारागिरानें कारागिराचें काम ओळखावें. माझें म्हणणें एवढेंच कीं, मराठी कवितेचा वाडा पाहायला निघालेल्या माणसाला दिवाणखाना तेवढा दाखवून परत पाठवूं नये. स्वयंपाकघर, गोठा, खळें, अंगण हींहि त्याच वाड्याचीं आहेत, आणि पाया तर त्यांच्याच बाजूला आहे.

तर पहिल्यानें ओवी. ओवणें या शब्दाशीं तिचें नातें लावतात. फुलें ओवावीं तसे शब्द ओवायचे. ओवी दोन प्रकारची. एक पोथींतली. तिला चार चरण. पहिल्या तीन चरणांच्या शेवटीं यमक जुळतें आणि चवथा चरण आंखूड, मोकळा सुटतो. दुसरी जात्यावरची. तिला अक्षरांचा असा पक्का हिशेब नाहीं. हिशेब आहे तो हाताच्या ओढीचा. खुंटा ओढला कीं सूर लांबतो, हात फिरून जवळ आला कीं शब्द पडतो. वैरण घालायला हात थांबला कीं तेवढ्यांत श्वास घेतां येतो. बाईच्या अंगांत जेवढा दम, तेवढी ओळ. हें माप कोणत्या पंडितानें ठरविलें नाहीं, दगडानें ठरविलें.

या दोहोंत थोरली कोणती? आम्हांला वाटे, पोथींतली थोरली आणि तिचें पाहून बायका गाऊं लागल्या असतील. गोष्ट उलट आहे. चालुक्य राजा सोमेश्वर यानें सन ११२९ च्या सुमारास मानसोल्लास नांवाचा संस्कृत ग्रंथ केला. त्यांत तो सांगतो कीं महाराष्ट्रांतल्या बायका कांडण करतांना ओवी गातात. ज्ञानेश्वरी झाली १२९० सालीं. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशें वर्षें आधीं आपल्या आज्या-पणज्यांची ओवी राजाच्या कानापर्यंत पोहोंचली होती. ज्ञानेश्वर संन्याशाचीं मुलें म्हणून वाळींत टाकलेल्या घरांतले. लोकांना गीता सांगायची वेळ आली तेव्हां त्यांनीं संस्कृत श्लोकाकडे न जातां मराठी ओवी घेतली, आणि तिच्यांत नऊ हजारांवर ओव्यांचा ग्रंथ उभा केला. मुसळाच्या आणि जात्याच्या घरची लेक त्यांनीं ग्रंथांत नेऊन बसविली. हें त्यांचें मोठेपण मी मोकळ्या मनानें कबूल करतों. त्याबरोबर ती लेक कोणत्या घरची, हेंहि विसरूं नका म्हणतों.

जात्याचें नांव निघालें म्हणजे जनाबाईचें निघतेंच. गंगाखेडची ही पोर नामदेवाच्या घरीं दासी म्हणून वाढली. दळण, कांडण, शेणी गोळा करणें, झाडलोट, हाच तिचा दिवस आणि हेच तिच्या कवितेचे विषय. तिचा विठ्ठल देवळांत उभा राहून नैवेद्य खात नाहीं. तो येऊन तिच्याबरोबर जात्याला हात लावतो. ज्या बाईला दुसऱ्याच्या घरचें दळण संपवायला एक माणूस कमी पडत होतें, तिनेंच असा देव कल्पावा, यांत नवल काय?

आतां माझ्या आईचें सांगतों. तिला अक्षरओळख नव्हती. पण भाऊ, माहेर, दुष्काळ, गेलेला लेक, विकलेला बैल, यांपैकीं जें आठवेल त्यावर तिची ओवी तयार असे. सुट्टींत मी घरीं येई तेव्हां पहांटे जाग येऊन मी गोधडींत पडल्या पडल्या ऐकत असें. उशाशीं कॉलेजची वही होती. शाईचें पेनहि होतें. वहींत गण पाडून ठेवलेले. त्या वहींत आईची एक ओळ लिहावी असें मला कधीं सुचलें नाहीं, कारण 'हें बायकांचें दळण' असें मला सांगितलें गेलें होतें आणि मीं तें मानलें होतें. पुढें गांवांत पिठाची गिरणी आली. बायकांच्या हातांचे घट्टे गेले, फार चांगलें झालें. जातें परत आणा असें म्हणणारा मी नव्हें. पण जातें कोपऱ्यांत गेलें तशी ओवीहि गेली. जात्यावांचून आईला ती आठवेना. "हात फिरल्याशिवाय तोंड कसें फिरेल?" असें ती म्हणे. आई वारली. माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या चार ओव्या येतात, त्यांतली एक अर्धी. शेंकडों होत्या, चार उरल्या.

असो. आतां अभंगाकडे येऊं.

अभंग हा ओवीच्याच कुळांतला. त्याचीं मुख्य मापें दोन. लहान अभंगाला दोन चरण, प्रत्येकांत आठ अक्षरें, शेवटीं यमक. मोठ्या अभंगाला चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरें, दुसऱ्याचें तिसऱ्याशीं यमक. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचें नाहीं, गण पाडायचे नाहींत, अक्षरें बोटांवर मोजायचीं. माझ्या चवथीच्या वर्गांत मीं हें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं एका कुंभाराच्या मुलानें पाटीवर लिहून आणलें. त्याचा आजा मोटेच्या गोष्टी सांगत असे, त्यावरून त्यानें हें जुळविलें होतें:

मोट चाले आज । पाटीं वाहे पाणी ।
बैल ऐके गाणीं । मालकाचीं ॥

मोजा बोटांवर. सहा, सहा, सहा, चार. पाणी आणि गाणीं यांचें यमक. पोर नऊ वर्षांचें. मीं त्याला विचारलें, "तुला कोणीं शिकविलें?" तो म्हणाला, "भजनांत टाळ धरतों ना, गुरुजी." ज्याला टाळ धरतां येतो त्याला अभंगाचें माप शिकवावें लागत नाहीं, त्याचें नांव तेवढें सांगावें लागतें.

आणि हें माप कोणाकोणाच्या हातून गेलें तें पाहा. नामदेव शिंपी. गोरोबा कुंभार, तेरचे. नरहरी सोनार, पंढरपूरचे. सेना न्हावी. सांवता माळी, माढें तालुक्यांतल्या अरणचे. विठ्ठलाला भेटायला मळा सोडून जाण्याची गरज नाहीं, कांदा-मुळा-भाजी यांतच तो आहे, असें मानणारा हा माणूस १२९५ सालीं वारला. चोखामेळा महार, मंगळवेढ्याचा. त्याची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सारें घर अभंग रचणारें. आमचे सुतारबुवा म्हणतात घराण्यांत कवि झाला नाहीं. हें घराणें पाहा. गांवाबाहेर राहायचें, मेलेलीं ढोरें ओढायचीं, देवळाची पायरी चढायची नाहीं, आणि त्या स्थितींत देवाला उभें करून जाब विचारायचा. १३३८ सालीं मंगळवेढ्याच्या गांवकुसाचें काम वेठीनें करीत असतां भिंत कोसळून चोखोबा गेला. पंढरपूरला महाद्वारापाशीं त्याची समाधि आहे. त्याच्या जातभाईंना त्या महाद्वारांतून आंत जायला १९४७ साल उजाडावें लागलें, आणि त्यासाठीं साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावें लागलें. सहाशें वर्षें चोखोबाचे अभंग आंत गाइले जात होते आणि त्याचीं माणसें बाहेर उभीं होतीं. अभंगाला विटाळ नाहीं आणि माणसाला आहे, हा हिशेब कोणत्या शाळेंतला, तें मला अजून उमगलें नाहीं.

नामदेवाविषयीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. तो उत्तरेंत पंजाबपर्यंत गेला. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत त्याचीं ६१ पदें आहेत. म्हणजे आपला एक शिंपी तिकडे ग्रंथांत पूजला जातो. पंजाबांत घुमान येथें त्याचें स्थान आहे; २०१५ सालीं मराठी साहित्य संमेलन तेथें भरलें होतें.

सांवत्या माळ्याचे अभंग किती उरले आहेत, ठाऊक आहे? सदतीस. जन्मभर मळ्यांत गाणारा माणूस, आणि ३७! तेहि उरले कसे? काशीबा गुरव जवळ बसून लिहून घेत असे, अशी परंपरा सांगते. चोखोबाला लिहितां येत नव्हतें; त्याचे अभंग अनंतभट्ट नांवाच्या एका ब्राह्मणानें उतरून घेतले असें सांगतात. ज्यानें लेखणी धरली त्याचे उपकार मानावे, मग तो कोणत्याहि जातीचा असो. पण माझी नजर दुसरीकडे जाते. ज्याच्या शेजारीं काशीबा बसला नाहीं, अशा किती सांवतोबांचें गाणें वाफ्याच्या पाण्याबरोबर जिरून गेलें असेल?

तुकोबांची गोष्ट तर सर्वांना ठाऊक. तरी एका अंगानें सांगतों. देहूचा हा कुणबी. घरीं शेती, दुकान, सावकारीहि होती. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ पडला, त्यांत बायको गेली, मूल गेलें, धंदा बसला. लोकांकडून येणें असलेल्या कर्जाच्या खतांपैकीं आपल्या वांट्याचीं खतें त्यांनीं इंद्रायणींत टाकून दिलीं असें सांगतात. कर्जदार शेतकऱ्यांनो, सावकारानें स्वतःच्या हातानें खतें बुडविल्याची दुसरी गोष्ट कोणाला ठाऊक असेल तर मला सांगा! पुढें शूद्रानें धर्म सांगितला या गुन्ह्याबद्दल त्यांच्या अभंगांच्या वह्याहि त्याच डोहांत गेल्या. वह्या तेरा दिवसांनीं कोरड्या वर आल्या असें कोणी म्हणतात. कोणी म्हणतात, वह्या बुडाल्या, पण गांवोगांव लोकांना अभंग पाठ होते, त्यांच्या तोंडून ते वर आले. मला दुसरा चमत्कार मोठा वाटतो. चाकणचा संताजी जगनाडे, जातीचा तेली, घाणा चालवून हिशेब ठेवणारा. तो तुकोबांचा टाळकरी आणि लेखक. त्याच्या हातच्या वह्या पुढें कामीं आल्या, वि. ल. भावे यांनीं १९१९-२० च्या सुमारास त्यांवरून गाथा छापली. त्याच्या आधीं १८६९ ते १८७३ च्या दरम्यान मुंबई सरकारच्या मदतीनें गाथेची मोठी आवृत्ति निघाली होती. गाथेंत साडेचार हजारांच्या आसपास अभंग धरतात. कुणब्यानें रचलें, तेल्यानें लिहिलें. बाकीच्यांनीं नंतर छापलें.

जोतीराव फुल्यांनीं याच मापाच्या आपल्या कवितांना 'अखंड' म्हटलें. अभंग म्हणजे न भंगलेला, अखंड म्हणजे न खंडलेला. नांव बदललें, पण बोटांवर मोजायचें माप तेंच. त्यांत विठ्ठलाच्या जागीं सर्वांचा एक निर्मिक आला, आणि सत्य, समता, शेतकऱ्याचे कष्ट, बाईचा हक्क हे विषय आले. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह त्याहून पुष्कळ आधींचा, १८५४ चा. पोरींना शिकवायला जातांना लोकांचें शेण झेलणारी ही बाई घरीं येऊन कविता करीत होती! आपल्या मुलींना हें वाक्य पाठ करवा.

भारुडाविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण भारूड हें बोलण्याची नव्हे, करून दाखविण्याची वस्तु आहे. पैठणचे एकनाथ (१५३३ ते १५९९) यांत सर्वांत मोठे. वासुदेव, गोंधळी, जोशी, महार, आंधळा, विंचू चावलेला माणूस, अशीं सोंगें घेऊन वरून हंसवायचें आणि आंतून समज द्यायची. नाथ ब्राह्मण खरे. पण त्यांनीं दारावर येणाऱ्या माणसांची बोली कान देऊन ऐकली आणि त्यांच्याच तोंडानें बोलले. आपल्या गांवच्या जत्रेंत भारूड होतें तेव्हां पुढच्या रांगेंत बसून शिट्ट्या मारणाऱ्या तरुणांनीं एकदां शब्दांकडेहि लक्ष द्यावें, एवढीच विनंति.

आतां डफ आणि तुणतुणें. पोवाडा म्हणजे घडलेल्या पराक्रमाचें गाणें. सर्वांत जुना हातीं लागलेला नांवाजलेला पोवाडा अज्ञानदासाचा, अफजलखानाच्या वधावरचा. ती गोष्ट १६५९ ची. दुसरा तुळशीदासाचा, तानाजी मालुसऱ्याच्या सिंहगडावरचा. ती लढाई १६७० ची. बखरींत सरदारांचीं नांवें येतात. पोवाड्यांत मावळ्याच्या घरचें लग्न येतें, घोरपड येते, आईचें रडणें येतें. इतिहास म्हणून त्यांतलें सगळें खरें मानूं नये. पण लढाईची किंमत कोणत्या घरानें दिली, तें पोवाडा सांगतो.

येथेंहि लेखणीचीच गोष्ट आहे. हे पोवाडे गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडीं होते. अॅकवर्थ नांवाचे एक इंग्रज अंमलदार आणि शंकर तुकाराम शाळिग्राम या दोघांनीं ते गोळा करून १८९१ सालीं छापले. आमच्या पराक्रमाचीं गाणीं गोळा करायला साहेब पुढें आला! शाळिग्राम होते म्हणून मान थोडी वर राहिली. त्याआधीं १८६९ सालीं फुल्यांनीं शिवाजीराजांचा पोवाडा स्वतः रचून छापला होता, आणि तो कोणासाठीं, तें मोकळेपणानें सांगितलें होतें: कुणबी, माळी, महार, मांग यांच्यासाठीं, त्यांना समजेल अशा सोप्या शब्दांत.

लावणी म्हटली कीं ओट्याखालच्या माना खालीं जातात आणि ओट्यावरचे डोळे चमकतात. दोन्ही चुकीचें. लावणींत शृंगार आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पेशवाईच्या शेवटीं शेवटीं तो बेफाम झाला हेंहि खरें, आणि त्यापायीं कित्येक बायांचे जन्म दुसऱ्यांच्या करमणुकींत गेले हें त्याहून खरें. पण लावणी म्हणजे तेवढीच नव्हे. सिन्नरकडच्या बावी गांवचा परशराम हा शिंपी. त्यानें अध्यात्म आणि लोकरीत लावणींत सांगितली. पुण्याचा होनाजी गवळी. तो रचना करी आणि त्याचा जोडीदार बाळा गाई, म्हणून 'होनाजी बाळा' हें जोडनांव झालें. सकाळीं देवाला उठवायची त्याची भूपाळी ज्या घरांत म्हणतात, त्या घरांत ती तमाशाच्या फडावरच्या गवळ्याची आहे हें कोणाला ठाऊकहि नसतें. जेजुरीचा सगनभाऊ मुसलमान, धंद्यानें शिकलगार. हत्यारांना धार लावतां लावतां शब्दांना लावूं लागला. सोलापूरचा राम जोशी (१७६२ ते १८१३) ब्राह्मण, संस्कृत शिकलेला. फडावर गेला म्हणून घरच्यांनीं बाहेर काढला असें सांगतात. संगमनेरच्या अनंत फंदीनें 'फटका' म्हणून जो उपदेशाचा प्रकार गाजविला तो खरोखरच पाठींत बसतो. गवळी, शिंपी, शिकलगार आणि ब्राह्मण एका डफावर येतात, ही गोष्ट त्या काळीं दुसरीकडे कोठें पाहायला मिळत होती? पुढें सत्यशोधक मंडळींनीं याच तमाशाची चौकट घेतली, गणांतल्या आणि गवळणींतल्या जुन्या गोष्टी काढून त्यांच्या जागीं शिक्षण, कर्ज आणि फसवणूक यांच्या गोष्टी घातल्या आणि जलसे उभे केले. आंबेडकरी जलसे त्याच्या पुढचे.

वाळवें तालुक्यांतल्या वाटेगांवचा अण्णाभाऊ साठे (१९२० ते १९६९) मांग समाजांतला. शाळेंत त्याचें बस्तान बसलें नाहीं. मुंबईला हमाली, गिरणी, मिळेल तें काम. त्यानें १९४३ सालीं रशियांतल्या स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा केला. वाटेगांवच्या माणसाला व्होल्गाकांठचा मजूर आपला वाटला. तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या त्या निराळ्याच. नारायण सुर्वे (१९२६ ते २०१०) तर रस्त्यावर सांपडलेलें मूल. एका गिरणीकामगारानें वाढविलें, आणि 'माझे विद्यापीठ' लिहून त्यानें रस्त्यालाच विद्यापीठ म्हटलें. केशवसुतांनीं आणलेलें सुनीत, सुरेश भटांनीं घरोघर पोहोंचविलेली गझल, अलीकडचा मुक्तछंद, हे प्रकारहि आहेत. वाचनालयांत तीं पुस्तकें आहेत, ज्यांना हवें त्यांनीं न्यावीं. मात्र मुक्तछंद म्हणजे वाटेल तें लिहिणें नव्हे, हें आमच्या कांहीं तरुण कवींना कोणी तरी सांगितलें पाहिजे.

१८८५ सालीं पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. न्यायमूर्ति रानड्यांकडून फुल्यांना बोलावणें आलें. जोतीरावांनीं पत्र लिहून नकार कळविला. सार हें, कीं ज्या ग्रंथांत आमच्या माणसांचे हक्क धरलेलेच नाहींत, त्यांच्याशीं आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाहीं. आमचें आम्ही पाहूं. 'आमचें आम्ही पाहूं' हें म्हणणें सोपें आहे. पण पाहायला तें कोठें तरी लिहिलेलें असावें लागतें.

म्हणून शेवटीं खानदेशांतल्या एका बाईची गोष्ट. जळगांवजवळच्या असोद्याची बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०. लेवा पाटीदार शेतकऱ्याच्या घरची, लहानपणीं लग्न, तरुणपणीं वैधव्य, जन्म शेतांत. अक्षरओळख नाहीं. दळतांना, निंदतांना, स्वयंपाक करतांना आपल्या बोलींत गाणीं म्हणे आणि सोडून देई. तिचा मुलगा सोपानदेव स्वतः कवि. त्यानें आणि एका मावसभावानें तिच्या तोंडचीं गाणीं कागदावर उतरून घेतलीं. १९५१ सालीं ती वारली. मग तें बाड सोपानदेवांनीं आचार्य अत्रे यांना दाखविलें, आणि १९५२ सालीं 'बहिणाबाईंचीं गाणीं' हें पुस्तक निघालें. पेरणी, सुगरणीचा खोपा, मन, संसार हेच त्यांतले विषय. आज तीं शाळेच्या पुस्तकांत आहेत. मीच तीं मुलांना शिकवितों.

मंडळी, जेव्हां जेव्हां तो धडा येतो तेव्हां माझा घसा भरून येतो. मुलांना वाटतें कवितेमुळें. सोपानदेवाच्या आईनें गाइलें आणि माझ्याहि आईनें गाइलें. ती मोठी कवि होती आणि माझी आई तेवढी नसेल; कबूल. पण तिच्या मुलानें वही उघडली आणि माझी वही उशाशीं मिटलेली राहिली.

अजून सगळें गेलेलें नाहीं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनीं गांवोगांव फिरून, बायांच्या शेजारीं बसून, जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गांवाच्या नांवासह. साने गुरुजींनींहि ओव्यांचा मोठा संग्रह केला. लाख म्हणजे पुष्कळ झाल्या असें वाटेल; पण एका चांगल्या गळ्याच्या म्हातारीजवळ दोन-तीनशें असतात, आणि आपल्याच गांवांत अशा सहा-सात आहेत हें मला ठाऊक आहे.

म्हणून मीं एक काम केलें आहे. पांचवी ते सातवीच्या मुलांना एकेक कोरी वही दिली आहे. तीं तुमच्या घरीं येतील. आजीला विचारतील. आजी लाजेल, तिला घरच्यांनीं हंसूं नये. शब्द जसा पडेल तसाच लिहायचा, पुस्तकी करायचा नाहीं, असें मीं मुलांना बजावलें आहे. 'व्हतं' असेल तर 'होतें' करायचें नाहीं. वर आजीचें नांव घालायचें. भलरी, मोटेवरचीं गाणीं, घाण्यावरचीं, धनगरांच्या ओव्या, हळदीचीं गाणीं, सगळें चालेल. सुतारबुवा, तुमच्या वडिलांनीं रचलेला एक अभंग भजनांत म्हणतात आणि त्यांत शेवटीं त्यांचें नांव येतें, हें तुम्हीं परवां बोलतां बोलतां सांगून टाकलेंत; तुमच्या घरीं मी स्वतः येणार.

वाचनालयाच्या चालकांना सांगून आज एक जातें येथें आणून ठेवलें आहे. पोरांना वाटलें प्रदर्शनाला मांडलें. तसें नव्हे. वरच्या आळीच्या थोरल्या काकूंनीं कबूल केलें आहे कीं जातें फिरवायला मिळालें तर त्या आठवून पाहातील. दोन शेर जोंधळे आणले आहेत. मी आतां खालीं बसतों. मुलांनो, पुढें या, आणि पेन्सिली काढा.